मेरी सू आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ

दुसऱ्याच्या कथाविश्वात आपलं पात्र घुसवताना काय टाळावं, हे पॉला स्मिथ यांनी 1973 मध्येच दाखवून दिलं. 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेच्या चाहत्यांच्या 'मेनॅजरी' या हौशी अंकात त्यांनी छोटी विडंबनकथा लिहिली. नायिका मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. कॅप्टन कर्क तिच्यावर भाळतो, आजारी सहकाऱ्यांच्या जागी ती जहाज चालवते, नोबेलही पटकावते. शेवटी मरते आणि सगळे धाय मोकलून रडतात. तेव्हापासून असल्या सर्वगुणसंपन्न पात्राला 'मेरी सू'च म्हणतात.

हुशारी हा दोष नाही. त्याच मालिकेतला स्पॉक काय कमी हुशार आहे? खटकतं ते हे, की मेरी सू येताच बाकीचे आपापला स्वभाव विसरतात. म्हणून नव्या पात्राला आधी काम द्या. समजा, मुख्य अभियंता स्कॉटीच्या हाताखाली रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ. इंजिनातलं त्याला कळतं, पण वरिष्ठांपुढे तोंड उघडत नाही. बिघाड दिसूनही पाळी संपेपर्यंत गप्प बसतो. आता स्कॉटी त्याला अगदी स्कॉटीसारखाच फैलावर घेईल.