माडीवरची तालीम

बेसा-पिपळा परिसरातील एका नव्या वसाहतीत, जेथील वडीलधाऱ्यांना अजून शेतांचे बांध आठवतात, रात्री नऊच्या सुमारास चार तरुण माडीवरच्या खोलीत जमतात, घामाने बोट काचेवर अडखळू नये म्हणून अंगठ्यांवर पातळ कापडी टोप्या चढवितात, पिंग, म्हणजे इंटरनेट जोडणीचा विलंब, किती हे पाहतात आणि मग बराच वेळ, मजसारख्या अनभिज्ञास वाटावे, काहीच करीत नाहीत.

बीजीएमआय या मोबाइलवरील खेळाच्या स्पर्धेत चौघांचा एक असे सोळा संघ आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा काल्पनिक बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ, म्हणजे झोन, क्रमाक्रमाने आवळत जाते. गोळीबार क्वचित, प्रतीक्षा फार. कोणत्या घरात दडावे, कोणता ओढा केव्हा ओलांडावा याची मसलत संघनायक, त्यांच्या भाषेत आयजीएल, अखंड हलक्या आवाजात करीत असतो.

"थांब ना बे, झोन येऊ दे!" तो म्हणतो. चौघांतला धाकटा थांबत नाही, धावतो, नॉक होतो, म्हणजे घायाळ होऊन कोसळतो. त्याला उठविण्यात दुसऱ्याचाही बळी जातो.

या उतावळेपणाची किंमत गुणांच्या वहीत उमटते. अखेरपर्यंत टिकणाऱ्या संघास दहा गुण, दुसऱ्यास सहा, तिसऱ्यास पाच, आणि टिपलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक. म्हणजे एकही गोळी न झाडता अखेरपर्यंत उरणारा संघ, चौथा येऊन पाच बळी घेणाऱ्यास एका गुणाने मागे टाकतो. हे गणित ज्यास उमगले तो बंदुकीस कमी लेखू लागतो, असे मला त्या रात्री वाटले.

घरमालक, संघनायकाचे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने कार्यवाटपाच्या नियमांत दुरुस्ती करून बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाच्या अखत्यारीत दिले, हे वाचल्यावरच मुलाच्या या खेळास असलेला त्यांचा विरोध मावळला. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळांना प्रथमच अधिकृत पदके मिळाली, ही बाब त्यांच्या लेखी दुय्यम. राजपत्रापुढे पदकाची काय मातबरी!

साडेदहाला ते वर आले आणि वहीतले तीन डावांचे गुण पाहू लागले. दुसरा क्रमांक व तीन बळी, नऊ. आठवा क्रमांक व दोन बळी, तीन. चौथा क्रमांक व पाच बळी, नऊ. चिरंजिवांनी बेरीज बावीस मांडली होती. त्यांनी खिशातून लाल पेन काढले, बाविसाचे एकवीस केले आणि समासात आद्याक्षरी केली.