अश्लीलतेचे निवारण आणि एका पत्राची हकीकत

इंटरनेटवरील अश्लील चित्रांविषयीची चिंता आज घरोघरी ऐकू येते. परंतु त्याविरुद्ध महाराष्ट्रातील नागरिकांनी आरंभीच्या काळात केलेला एक प्रयत्न विस्मृतीत गेला आहे. त्यातील बोध मात्र अद्याप जुना झालेला नाही. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी घरी संगणक असणे ही विरळा गोष्ट. म्हणून शहरांतून सायबर कॅफे निघाले. तासाप्रमाणे पैसे भरावे आणि यंत्रासमोर बसावे, अशी तेथील रीत. पुष्कळ ठिकाणी यंत्राभोवती आडोसा असे, आणि त्याआड शाळकरी मुलगा काय पाहतो हे कोणासही दिसत नसे. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला व त्याच्या ६७ व्या कलमाने असा मजकूर प्रसृत करणे हा गुन्हा ठरला. परंतु मजकूर साता समुद्रांपलीकडून येत असता शिक्षा कोणास करावयाची?

२००१ मध्ये काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींस याविषयी पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच याचिका मानले आणि अल्पवयीनांच्या रक्षणाचे उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली. २००२ च्या आरंभी समितीने अहवाल दिला. संकेतस्थळांस कुलपे लावण्यावर तिने भिस्त ठेवली नाही. मुलांस आडोशात न बसविता सर्वांच्या दृष्टीसमोरील यंत्रांवर बसवावे, आणि येणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, असे तिचे म्हणणे होते. २०११ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही हेच तत्त्व आले: आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा, आणि पालक सोबत असल्यावाचून मुलांस त्यात बसू देऊ नये.

कोणी विचारील, मग सरसकट बंदीच का नको? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक आरोग्याचे शास्त्र मराठीत मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड टळला नाही. अश्लीलतेवर उगारलेली काठी ज्ञानावर पडते ती अशी. आणि ज्ञानाची वाट बुजली म्हणजे मुले आडोशाचीच वाट धरतात.

सायबर कॅफेंचा तो काळ सरला. आमच्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही तो आडोसा आता मोबाईलच्या रूपाने मुलांच्या खिशात आला आहे, आणि त्याची उंची मोजण्यास कोणताही नियम पुरा पडत नाही. मी शिक्षक होतो. मुलांच्या शंकांस 'मोठा झालास म्हणजे कळेल' असे सांगून मीही वेळ मारून नेली आहे, हे कबूल करणे प्राप्त आहे. ते पुढे त्यांस कोठून कळले, याचा विचार त्या वेळी मी केला नाही.

समितीचे तत्त्व आज घराने अंगीकारले पाहिजे. मुलांनी मोबाईल माजघरात, चारचौघांसमक्ष वापरावा. रात्री तो त्यांच्या उशाशी नसावा. आणि मुलाने अवघड प्रश्न विचारलाच, तर वडीलधाऱ्यांनी न रागावता त्यास खरे उत्तर द्यावे. एवढे झाले तर त्या पत्राचे सार्थक झाले असे मी समजेन.