सुरू होता होता बंद पडणारा संगणक

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर नित्याचे चित्र उमटेपर्यंत जो थोडा अवधी जातो, तो वापरणाऱ्याला रिकामा वाटतो. वास्तविक संगणकाचे सर्वांत अवघड काम याच अवधीत उरकले जात असते. कोणतेही काम करावयाचे म्हणजे संगणकाला आज्ञावली लागते. ही आज्ञावली तबकडीवर साठविलेली असते आणि ती तेथून उचलून स्मृतीत आणावयाची, तर त्यासाठीही दुसरी एक आज्ञावली आधी स्मृतीत असावी लागते. नट कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टांत संस्कृत शास्त्रग्रंथांत येतो. संगणकाला मात्र रोज नेमके हेच करून दाखवावे लागते. या क्रियेला ‘बूट’ होणे असे म्हणतात. त्या नावाच्या मुळाशीही स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलण्याची तशीच अशक्य कल्पना आहे.

हा पेच पायऱ्या पाडून सोडविलेला आहे. मुख्य पटावर एक लहानशी चिप बसविलेली असते. वीज गेली तरी तिच्यातील आज्ञा पुसल्या जात नाहीत. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून पहिली आज्ञा वाचतो आणि तो पत्ता याच चिपकडे नेतो. तेथील आज्ञावलीस पूर्वी बायोस म्हणत. हल्लीच्या संगणकांत तिची जागा युईएफआयने घेतली आहे. ती प्रथम स्मृती, कळफलक, पडदा इत्यादी अवयव जागेवर आहेत की नाहीत हे तपासते, मग तबकडी शोधते आणि तेथील एका छोट्या आज्ञावलीच्या हाती सूत्रे देते. ही छोटी आज्ञावली कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणते. गाभा आपल्याबरोबर निरनिराळ्या उपकरणांशी बोलणारे ड्रायव्हर उठवतो आणि सर्वांत शेवटी वापरणाऱ्यापुढे नाव व सांकेतिक शब्द विचारणारी चौकट येते.

दोष शोधणाऱ्याने ही साखळी ध्यानात ठेवली की अर्धे काम झाले. संगणक कोणत्या पायरीवर थांबला हे कळले, म्हणजे त्याआधीच्या पायऱ्या निदान काम करण्याइतपत धड आहेत असे समजून त्यांना तूर्त बाजूला ठेवता येते.

कळ दाबूनही पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, अशा वेळी कार्यप्रणालीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे वीजपुरवठा, तार आणि खटका यांचाच विचार करावयाचा. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि पेटीतून शिट्टीसारखे आवाज येतात, तेव्हा मात्र यंत्र स्वतःच आपले दुखणे सांगत असते. शिट्ट्यांची संख्या व लांबी यांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. स्मृतीची पट्टी खाचेत नीट न बसणे हे अशा वेळचे एक नेहमीचे कारण होय. वीज पूर्ण तोडून पट्टी काढली आणि पुन्हा घट्ट बसविली, एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. पट्ट्या दोन असतील तर एका वेळी एकच ठेवून पाहावी. दोन्ही एकदम बदलल्या तर संगणक सुरू होईलही, परंतु दोष कोणत्या पट्टीत होता ते मात्र कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम पुढच्या सर्वच पायऱ्यांना लागू आहे.

सुरू झालेला संगणक मिनिटाभरात आपोआप बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. मर्यादेपलीकडे तापल्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच वीज तोडते. पंख्यात साचलेली धूळ हे त्याचे साधे कारण असू शकते. तबकडीतून खटखट असा आवाज येत असेल तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे घातक ठरते. प्रत्येक प्रयत्नागणिक आतील माहिती वाचविण्याची आशा कमी होत जाते. अशा वेळी दुरुस्तीपूर्वी माहितीचाच विचार करावा.

उत्पादकाचे चिन्ह दिसले, कार्यप्रणाली उठू लागली आणि मग निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर दोष बहुधा गाभा किंवा ड्रायव्हर यांच्यापाशी असतो. साधी आज्ञावली चुकली तर ती एकटीच बंद पडते. गाभ्याच्या अधिकाराने चालणारा ड्रायव्हर चुकला तर स्मृतीतील माहिती बिघडण्याचा धोका असतो, म्हणून कार्यप्रणाली सारेच काम थांबवते. याचे फार मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले.

क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची संरक्षक आज्ञावली विंडोज संगणकांत गाभ्याच्या अधिकाराने चालत असे. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने तिच्यासाठी एक छोटी माहिती-फाइल पाठविली. नव्या माहितीत २१ व्या रकान्याचा उपयोग अपेक्षित होता. आज्ञावलीला प्रत्यक्षात २० च रकाने मिळत होते. नसलेला रकाना वाचण्यासाठी ती स्मृतीत भलत्याच ठिकाणी पोहोचली आणि संगणक कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा संगणकांची संख्या सुमारे ८५ लाख होती. विमानसेवा व रुग्णालये अडखळली. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

कंपनीने ७८ मिनिटांत सदोष फाइल मागे घेतली. पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, कारण दुरुस्ती इंटरनेटवरून यावयाची आणि संगणक तर तेथवर पोहोचण्याआधीच कोसळत होते. तेव्हा माणसांनीच एकेका यंत्रापाशी जाऊन ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू केले. या पद्धतीत कार्यप्रणाली अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर उठवते. मग ड्रायव्हरांच्या कप्प्यातील, नावात २९१ हा आकडा असलेली ती फाइल पुसून टाकावयाची आणि यंत्र नेहमीप्रमाणे सुरू करावयाचे. काम दोन-चार मिनिटांचेच. पण यंत्रे हजारोंनी. त्यातच ज्या तबकड्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या होत्या, त्यांच्यासाठी ४८ अंकी किल्ली हाताने टंकावी लागली. ही किल्ली अन्यत्र जपून ठेवलेली असावी लागते; बंद पडलेल्या यंत्रातच असली तर तिचा उपयोग नाही.

घरच्या संगणकासही हाच उपाय लागू पडतो. विंडोजचे अलीकडचे संगणक लागोपाठ काही वेळा कोसळले की दुरुस्तीचा पडदा आपण होऊन दाखवितात. तेथून सेफ मोड निवडावा. त्यात यंत्र नीट चालले तर यंत्राचे अवयव बहुधा ठीक आहेत असे धरून, बिघाडापूर्वी शेवटी बसविलेला ड्रायव्हर किंवा आज्ञावली काढून पाहावी. सेफ मोडमध्येही यंत्र कोसळत असेल, तर स्मृती व तबकडी यांच्याकडे परत वळावे.

त्या जुलै महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना आणखी एक उपाय सुचविला होता : यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करीत राहावे, प्रसंगी १५ वेळा. हा सल्ला ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी असा खरा; परंतु त्यामागे कारण होते. प्रत्येक वेळी जाळ्याशी जोडणी आणि सदोष फाइलीचे वाचन यांच्यात एक शर्यतच लागे. एखाद्या वेळी जोडणी क्षणभर आधी झाली, तर कोसळण्यापूर्वीच नवी फाइल येऊन पोहोचे.