पंखा बिघडलेला नसतो, त्याला हुकूम चुकीचा मिळतो

माथेरानच्या रात्री शांत असतात. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला मज्जाव, त्यामुळे हॉर्न नाही की इंजिनाची घरघर नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गाड्यांवाचून राहायची गावाची सवय मात्र त्याच्याही आधीची. अशा गावात एखाद्या घरातला लिक्विड कूलरचा कॉम्प्युटर रात्री अकरा वाजता एकाएकी घोंघावू लागला, तर तो आवाज पलीकडच्या खोलीतही झोपू देत नाही. मुंबईत हाच आवाज रस्त्याच्या गोंगाटात विरून जातो.

दुसरी अडचण दुरुस्तीची. दहा-बारा किलोचं कॅबिनेट आधी हमालाच्या डोक्यावरून नाहीतर मिनी ट्रेनच्या शटलने दस्तुरीपर्यंत न्यायचं, तिथून टॅक्सीने घाट उतरून नेरळ गाठायचं आणि मग लोकलने कर्जत किंवा कल्याण. एवढी यातायात करून दुकानात पोहोचल्यावर कळतं, की एक वायर चुकीच्या जागी होती किंवा बायोसमधली एक सेटिंग उलटी होती. पंख्याच्या वेगाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इतकंच असतं. ते घरच्या घरी शोधता यावं म्हणून वारंवार ऐकू येणारे काही गैरसमज एकेक करून पाहू.

आधी रचना समजून घेऊ. प्रोसेसरवर धातूचा ब्लॉक बसलेला असतो. त्यातून फिरणारं पाणी उष्णता उचलतं. पंप ते पाणी नळीतून रेडिएटरकडे ढकलतो, रेडिएटरवरचे पंखे ती उष्णता हवेत सोडतात आणि निवलेलं पाणी दुसऱ्या नळीने परत येतं.

गैरसमज : पाण्याचा कूलर आहे, त्यात माथेरानची थंड हवा; पंखे बंद ठेवले तरी चालेल.

वस्तुस्थिती : पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, ती घराबाहेर टाकत नाही. ते काम शेवटी हवेचंच आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पायथ्याच्या नेरळपेक्षा इथली हवा साधारण पाच अंशांनी थंड. हा फायदा खरा आहे. पण त्याच उंचीवर हवा सात-आठ टक्क्यांनी विरळही असते, त्यामुळे पंख्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत थोडी कमी उष्णता बाहेर पडते. हिशेब थंडीच्या बाजूनेच झुकतो. त्यामुळे इथे पंखे हळू ठेवता येतात, बंद ठेवता येत नाहीत.

गैरसमज : पावसाळ्यात घरात धुकं शिरतं. कूलरच्या थंड नळ्यांवर दव धरेल आणि शॉर्टसर्किट होईल.

वस्तुस्थिती : साधा लिक्विड कूलर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, कारण त्याच्याजवळ ते पाणी निववायला खोलीच्या हवेशिवाय दुसरं काही नाही. फ्रीजसारखा कॉम्प्रेसर त्यात नसतो. चालू मशीनमधलं पाणी हवेपेक्षा गरमच राहतं आणि गरम पृष्ठभागावर दव बसत नाही. उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून घाबरणारेही भेटतात. ८०० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ९७ अंशांना उकळतं; बंदिस्त कूलरमधलं पाणी नीट चालत असताना त्याच्या जवळपासही जात नाही.

पावसाळ्याचा खरा धोका वेगळाच आहे. आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या मशीनच्या पिनांवर ओलसर हवेने गंज चढतो आणि जोड सैल होतो. म्हणून जून ते सप्टेंबर मशीन रोज तासभर तरी चालवावं.

गैरसमज : पंखे सारखे पूर्ण वेगाने फिरताहेत, म्हणजे कूलर कामातून गेला.

वस्तुस्थिती : पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्यापर्यंत बहुधा हुकूमच पोहोचलेला नसतो. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे.

पंख्याचे कनेक्टर दोन प्रकारचे असतात. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, तर चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा जातो. इशाऱ्यातला ‘चालू’चा वाटा जितका मोठा, तितका वेग जास्त. पहिल्या पद्धतीला बायोसमध्ये डीसी मोड म्हणतात, दुसरीला पीडब्ल्यूएम मोड. चौथ्या तारेतून काहीच आलं नाही तर पूर्ण वेगाने फिरायचं, अशी चार पिनांच्या पंख्याची घडणच आहे. चूक झालीच तर ती आवाजाच्या बाजूने व्हावी, मशीन तापण्याच्या बाजूने नको, हा त्यामागचा विचार.

यावरून तीन गोष्टी तपासता येतात. पंखा तीन पिनांचा आणि हेडर (मदरबोर्डवरची पंख्याची वायर खोचायची जागा) पीडब्ल्यूएम मोडवर असेल, तर त्याला सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि तो सुसाट फिरतो. मोड डीसी करा. पंखे सॅटा वायरवरून वीज घेणाऱ्या हबवर असतील, तर उलट घडतं. हब स्वतःच १२ व्होल्ट पुरवतो आणि मदरबोर्डकडून फक्त इशारा घेतो. तिथे हेडर डीसी मोडवर राहिला तर इशारा जात नाही आणि सगळे पंखे एकदम गर्जायला लागतात. मोड पीडब्ल्यूएम करा. तिसरं म्हणजे ‘ऑटो’वर विसंबू नका. स्प्लिटर किंवा हब मध्ये आला की मदरबोर्डचा अंदाज चुकू शकतो, म्हणून मोड स्वतः निवडलेला बरा.

गैरसमज : पंख्याचा वेग सारखा वर-खाली होतो, कारण डोंगरावर व्होल्टेज स्थिर नसतं.

वस्तुस्थिती : कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय भिंतीतल्या विजेचे चढउतार पंख्यापर्यंत पोहोचू देत नाही. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची लाईन ठरावीक अरुंद मर्यादेतच राहायला हवी. वीज त्याला सांभाळता येणार नाही इतकी घसरली तर मशीन बंद पडेल. पंखा मिनिटामिनिटाला सूर बदलत बसणार नाही.

हा चढउतार येतो प्रोसेसरच्या तापमानावरून. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान पापणी लवेपर्यंत वीस-तीस अंशांनी उसळतं आणि तितक्याच चटकन उतरतं. पाणी मात्र धीमं असतं. १०० वॅटच्या हीटरला एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२ सेकंद लागतात. कूलरमध्ये लिटरभर पाणी नसतं, तरी प्रोसेसरच्या मानाने ते पुष्कळच सावकाश तापतं. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक उसळीला पंख्याने धावणं व्यर्थ आहे. पाणी अजून तापलेलंच नसतं, तर पंखा निववणार काय?

यावर दोन उपाय आहेत. कूलरमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असेल, तर पंख्याचा वेग त्याच्याशी जोडा. तो नसेल, तर बायोसमध्ये वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सेटिंग असते, ती वाढवा आणि वेगाचा आलेख सौम्य चढाचा करा. काही प्रोसेसर मुळातच गरम चालतात, हेही लक्षात असू द्या. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर भारी कामात ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत. तिथे प्रोसेसरच्या आकड्यावर पंखा बांधला, तर काम चालू असेतोवर तो किंचाळतच राहणार.

गैरसमज : आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) शून्य दिसतोय, म्हणजे पंखा जळाला.

वस्तुस्थिती : आधी टॉर्च लावून डोळ्यांनी पाहा. वेग कळवणारी तार वेगळी असते. पंखा प्रत्येक फेऱ्याला तिच्यावरून दोन ठोके पाठवतो. दोन पंखे एका स्प्लिटरवर असतील, तर ही तार एकाच पंख्याची पुढे जायला हवी. दोघांचे ठोके एकत्र मिसळले तर आकडा भलताच दिसतो. मशीन सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येण्याचं कारणही बहुधा या ठोक्यांशीच जोडलेलं असतं. सगळी जोडणी कूलरच्या स्वतःच्या कंट्रोलरवर किंवा पंपाच्या हेडरवर असते, सीपीयू फॅनचा हेडर रिकामा राहतो आणि मदरबोर्डला ठोके ऐकू येत नाहीत. ठोके देणारी एक वायर त्या हेडरवर लावा. चेतावणी कायमची बंद करणं मात्र टाळा. खरंच पंप थांबेल त्या दिवशी तीच तुम्हाला सावध करणार आहे.

गैरसमज : आवाज कमी हवा तर पंपही पंख्यासारखा हळू करावा.

वस्तुस्थिती : पंपाचा वेग शक्यतो स्थिर ठेवावा. पाण्याचा प्रवाह मंदावला की उष्णता ब्लॉकपाशीच साचते आणि मग पंखे कितीही फिरले तरी उपयोग नाही. पंपातून गुळगुळ किंवा खरखर ऐकू येत असेल तर वेगाला हात लावण्याआधी रेडिएटर कुठे बसवलाय ते पाहा. कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची असावी, पंपाची नसावी.

गैरसमज : बायोसमध्ये वेग बदलूनही फरक पडत नाही, म्हणजे मदरबोर्ड खराब.

वस्तुस्थिती : त्या पंख्यांचा मालक कदाचित मदरबोर्ड नसेलच. कोर्सेअर, एनझेडएक्सटीसारख्या कंपन्यांच्या अनेक कूलरमध्ये पंखे कूलरच्याच कंट्रोलरला जोडलेले असतात आणि हुकूम मदरबोर्डवरच्या यूएसबी हेडरमधून, कंपनीच्या सॉफ्टवेअरकडून येतो. ती छोटी यूएसबी वायर सैल झाली की सॉफ्टवेअरला कूलर दिसेनासा होतो. मशीन बंद करून मुख्य वीज काढा, काही मिनिटं थांबा, वायर नीट बसवा आणि पुन्हा सुरू करा. एकाच कंट्रोलरशी दोन प्रोग्रॅम बोलत असतील तरीही वेग उड्या मारतो. त्यातला एक बंद करा.

गैरसमज : तापमान वाढतंय, तर वेग वाढवला की झालं.

वस्तुस्थिती : माथेरानची जांभ्याची लाल माती सगळ्यांच्या ओळखीची आहे. घोड्यांच्या टापांनी तिचं पीठ होतं आणि उन्हाळ्यात ती खिडकीतून थेट कॅबिनेटमध्ये येते. रेडिएटरच्या बारीक पात्यांत ती अडकली की हवेची वाटच बंद होते. मग वेग वाढवल्याने आवाज वाढतो आणि आणखी धूळ ओढली जाते. मशीन बंद करून, वीज काढून, हवा नेहमी जाते त्याच्या उलट दिशेने ब्लोअर मारा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने ती भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होतं.

साफसफाई करूनही तापमान चढतंच असेल, तर रेडिएटरला हात लावून पाहा. प्रोसेसर नव्वदच्या पुढे आणि रेडिएटर मात्र गार, असं असेल तर उष्णता तिथवर पोहोचतच नाही. पंप थांबलेला असू शकतो, किंवा ब्लॉक प्रोसेसरवर नीट टेकलेला नसेल.

थोडक्यात क्रम असा ठेवा : पंखा फिरतो का ते डोळ्यांनी पाहा; त्याची वायर कुठे जाते ते शोधा; पिना मोजा; मोड जुळवा; वेग कोणत्या तापमानाशी बांधलाय ते तपासा; यूएसबी वायर पाहा; धूळ काढा. यातून बराचसा गोंगाट तिथल्या तिथे शांत होतो. पंप बंद पडला असेल, पाणी झिरपत असेल किंवा पंख्याचं बेअरिंग घासत असेल, तर मात्र डोंगर उतरायलाच हवा. तेव्हा कुठली वायर कुठे होती, मोड कोणता होता, काय काय करून पाहिलं, हे एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. दुकानातल्या माणसाला मग अंदाज बांधत बसावं लागणार नाही आणि तुम्हाला दुसरी खेप पडणार नाही.