शहामृग : एकेकाळचा आपला शेजारी

संकटाकडे डोळेझाक करणाऱ्या माणसाला आपण ‘शहामृगासारखे वाळूत डोके खुपसून बसला आहे’ असे म्हणतो. वास्तविक शहामृग असे कधीच करीत नाही. त्याचे घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा. त्यातील अंडी चोचीने फिरवताना तो मान खाली घालतो, आणि शत्रूची चाहूल लागली की अंड्यांवर बसल्या बसल्याच लांब मान जमिनीलगत पसरून निश्चल राहतो. दुरून पाहणाऱ्याला त्याचे डोके दिसत नाही, इतकेच.

हिंदीत याला शुतुरमुर्ग म्हणतात. फारसीत शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. कन्नडमधील ‘उष्ट्रपक्षी’ या नावाचा अर्थही तोच. तेव्हा मराठी ‘शहामृगा’तील मृग हे हरिण नव्हे, तो मुर्गच होय.

आज हयात असलेल्या पक्ष्यांत शहामृग सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर अडीच मीटर उंच आणि शंभर किलोहून अधिक वजनाचा असतो. एवढे धूड त्याच्या पंखांना पेलत नाही. परंतु ही उणीव पायांनी भरून काढली आहे. प्रत्येक पायाला दोनच बोटे असलेला हा पक्षी ताशी ७० किलोमीटर वेगाने धावू शकतो. डोळ्याचा व्यास सुमारे ५ सेंटीमीटर, म्हणजे डोळा मेंदूपेक्षा मोठा! उघड्या माळावर राहणाऱ्या प्राण्याला दूरचे दिसणे आणि पळता येणे, या दोनच गोष्टी तारतात.

त्याचा संसारही पाहण्यासारखा आहे. एकाच घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, पण ती उबवतात फक्त नर आणि मुख्य मादी. भुरकट रंगाची मादी दिवसा बसते, काळा नर रात्री. त्यामुळे बसलेला पक्षी सहसा नजरेस पडत नाही. अंडी फार झाली तर मुख्य मादी स्वतःची अंडी बरोबर ओळखून मध्ये ठेवते व इतरांची काही कडेला लोटते. सुमारे सहा आठवड्यांनी पिले बाहेर येतात. अंड्याचे कवच जवळजवळ २ मिलिमीटर जाड असते; कालाहारीतील लोक रिकाम्या कवचात पाणी साठवून ठेवीत.

या जाड कवचामुळेच एक विस्मयकारक गोष्ट आपल्याला कळली. शहामृग हा आफ्रिकेचा पक्षी असे आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या अंड्यांची कवचे भारतात चाळीसहून अधिक ठिकाणी सापडली आहेत. उज्जैनचे वि. श्री. वाकणकर यांनी मध्य भारतात ती शोधली. भीमबेटका येथे कवचांचे मणी मिळाले. ग्वाल्हेरच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या चंबळेच्या खोऱ्यात, कोट्याजवळ चंद्रेसल येथील कवचे ३६ हजार वर्षांहून जुनी ठरली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे १९७२-७३ मध्ये सु. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात तर कवचाच्या तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आढळली. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहे. पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने अशा कवचांतील डीएनए तपासून त्यांचे आफ्रिकी शहामृगाशी नाते असल्याचे सिद्ध केले.

म्हणजे खानदेशात आणि माळव्यात माणूस नक्षी कोरीत होता, तेव्हा हा पक्षी त्याच्या शेजारी नांदत होता. आज त्याची कवचे तेवढी उरली आहेत.

हे केवळ पुराणवस्तूंपुरते नाही. उघड्या माळावर जमिनीवरच अंडे घालणारा दुसरा एक मोठा पक्षी आपल्याकडे आहे : माळढोक, ग्वाल्हेरकडील सोनचिडिया. तो उडू शकतो. परंतु मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९८१ मध्ये ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव व शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करैरा येथे अभयारण्ये झाली. करैऱ्यातून तो १९९० च्या दशकात दिसेनासा झाला, आणि आज देशभरात मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत. माळरान म्हणजे पडीक जमीन, असे समजून आपण ती नांगरली, तिच्यावरून विजेच्या तारा ओढल्या. वाळूत डोके खुपसण्याचा आरोप शहामृगावर करण्यापूर्वी आपण आपल्या माळाकडे एकदा नीट पाहावे, हे बरे.