साखळीजवळचा शब्द

भाईंदरहून चर्चगेटला जाताना लोकलमधल्या धोक्याच्या साखळीजवळची इंग्रजी सूचना कधी नीट वाचलीय? तिच्यातला ‘रीझनेबल’ हा शब्द आपल्याला माहीत असतो तो भाजीच्या भावामुळे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ मध्ये मात्र साखळी ओढायला ‘रीझनेबल’ कारण लागतं, म्हणजे पटण्याजोगं. नाहीतर १,००० रुपयांपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही! आजूबाजूच्या शब्दांनीच अर्थ उलगडला, कोश उघडावा लागला नाही.

पण हा अर्थ लक्षात राहील? मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं बरंचसं दिवसाभरात विसरतं. अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. पासधारकाला ही उजळणी फुकट. उद्या मीरा रोड येईपर्यंत मोबाइल खिशातच ठेवा आणि ती पाटी पुन्हा वाचा.