घड्याळावर चालणारा किल्ला

नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या आतल्या चौकात माणसं माना वर करून उभी असतात. पण त्यांचे डोळे बुरुजांकडे नसतात, आकड्यांच्या पाटीकडे असतात. तिकिटावरचा गट-क्रमांक पाटीवर झळकला की तिकीट यंत्रापुढे धरायचं, फिरतं फाटक ढकलायचं आणि आत शिरायचं. क्रमांक लागून गेला आणि आपण अजून खालच्या चढावर धापा टाकत असलो, तर तिकीट गेलं. मुंबईहून इतक्या लांब आलोय ही सबब तिथे चालत नाही. दक्षिण जर्मनीतला हा किल्ला पाहायचा तर आधी त्याचं घड्याळ समजून घ्यावं लागतं. गंमत अशी, की ज्या राजाने तो बांधला त्याचा दिवस रात्री सुरू व्हायचा. जग झोपलेलं असताना तो जागा असे, आणि लोक कामाला लागले की तो झोपत असे.

बव्हेरियाचा हा राजा, दुसरा लुडविग, १८६४ साली गादीवर बसला तेव्हा अठरा वर्षांचा होता. दोनच वर्षांत प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध झालं. ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरलेला बव्हेरिया हरला, आणि पुढच्या युद्धात आपलं सैन्य प्रशियाच्या हुकमतीखाली देण्याचं त्याला कबूल करावं लागलं. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि लुडविगच्या हाती नावापुरतं राजेपण उरलं. या खऱ्या राज्यात त्याचं मन रमेना, तसा तो दुसरं एक राज्य बांधत गेला. त्यात जुन्या जर्मन दंतकथांमधले सरदार होते, हंस होते आणि त्याचा लाडका संगीतकार रिचर्ड वाग्नर याच्या संगीतिका होत्या.

५ सप्टेंबर १८६९ रोजी किल्ल्याची पायाभरणी झाली. जागा होती लुडविगच्या लहानपणच्या घरासमोरचा कडा. ते घर म्हणजे खालचा पिवळा होहेनश्वानगाऊ किल्ला, त्याच्या वडिलांनी जुन्या अवशेषांवरून पुन्हा उभारलेला. कड्यावरही दोन जुन्या गढ्यांचे अवशेष होते. ते काढून टाकले आणि सुरुंग लावून खडक सुमारे आठ मीटरने खाली आणला. खालच्या घरातून राजा दुर्बिणीने वरचं काम न्याहाळत असे. किल्ल्याचं कल्पनाचित्र रंगवलं ते नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने. वास्तुविशारदांनी त्या चित्राला नंतर विटा आणि पोलाद दिलं.

म्हणून रायगड-राजगड पायाखाली घातलेल्या माणसाने इथे येताना मनातला 'किल्ला' जरा बाजूला ठेवावा. इथे खंदक लढवले गेले नाहीत, बुरुजावर तोफ चढली नाही, वेढा पडला नाही. भिंती विटांच्या आहेत आणि वरून पांढऱ्या चुनखडीची फरशी लावली आहे. मध्ययुगाचं हे सोंग एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रांनी उभं केलं. माल वर चढवायला वाफेवर चालणारी क्रेन होती. सिंहासनाच्या दालनाचा सांगाडा पोलादी आहे. वर गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय, प्रत्येक मजल्यावर नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा आणि चक्क टेलिफोन.

हा दुहेरीपणा सर्वांत जवळून दिसतो तो फेरीच्या शेवटी, स्वयंपाकघरात. दालनांनी डोळे दिपलेली माणसं इथे घाईत असतात, पण चुलीपाशी थांबावं. मांस भाजायचा मोठा गज फिरवायला इथे माणूस ठेवलेला नव्हता. चुलीतून वर चढणारी गरम हवा धुराड्यातलं पंख्यासारखं चाक फिरवी आणि त्या चाकाच्या जोरावर गज फिरे. जाळ वाढला की गजाचा वेग वाढे, जाळ मंदावला की गजही मंदावे. वरच्या मजल्यावर सोनेरी सरदार आणि खाली हे साधं, चोख यंत्र.

सिंहासनाच्या दालनात मात्र सिंहासन नाही. संगमरवरी पायऱ्या चढून नजर वर जाते आणि रिकाम्या जागेवर थांबते. सिंहासन घडायच्या आतच राजा गेला. एकामागून एक राजवाडे बांधण्याच्या नादात त्याच्यावर कोट्यवधी मार्कांचं कर्ज झालं होतं. जून १८८६ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला वेडा ठरवलं, याच किल्ल्यातून त्याला नेलं आणि १३ जूनला श्टार्नबर्ग सरोवरात त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा मृतदेह सापडला. ते कसं घडलं यावर आजही वाद आहे. या किल्ल्यात तो एकूण १७२ दिवस राहिला. परक्याची नजर पडू नये म्हणून बांधलेली ही वास्तू त्याच्यानंतर सातच आठवड्यांत, १ ऑगस्ट १८८६ रोजी, तिकीट लावून लोकांना उघडली गेली. 'नॉयश्वानस्टाइन' हे नावही त्याच्या मृत्यूनंतरचं. आज वर्षाला सुमारे चौदा लाख माणसं येतात, आणि एवढी माणसं अरुंद जिन्यांतून न्यायची तर घड्याळाला पर्याय नाही.

आता वाटेचं बोलू. म्युनिकचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. स्टेशन विमानतळाखालीच आहे आणि तिथून एस-१ व एस-८ या दोन लोकल सुटतात. एक शहराला पश्चिमेकडून भिडते, दुसरी पूर्वेकडून. पण दोन्ही मुख्य स्थानकावर, म्हणजे हाउप्टबानहोफवर, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोचतात. जी आधी सुटेल ती पकडावी. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा बस हा पर्याय ध्यानात असू द्यावा. विमानातून उतरून त्याच दिवशी किल्ला गाठायचा बेत मात्र नको. पारपत्राच्या रांगेला किती वेळ लागेल ते आधी कळत नाही. त्यातून ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घ्यायला सुरुवात झाली आहे. रात्र म्युनिकमध्ये काढावी.

मुख्य स्थानकावरून फ्युसेनला गाडीने दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना वाटेत बदली असते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला 'बायर्न-तिकीट' स्वस्त पडतं. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत बव्हेरियाभर प्रादेशिक गाड्यांतून दिवसभर फिरता येतं, मात्र वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. आणखी एक मेख आहे. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊनंतरच लागू होतं. म्हणजे फ्युसेनला पोचेपर्यंत अकरा वाजून जातात, पुढे स्टेशनाबाहेरून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस, दहा मिनिटांत होहेनश्वानगाऊ गाव, आणि मग चढ. सकाळी अकराचा प्रवेश आणि बायर्न-तिकीट, हे गणित जुळत नाही. दुपारी दीडनंतरची वेळ घ्यावी, आणि तीही काही दिवस आधी इंटरनेटवर.

गावातून किल्ल्यापर्यंत दीड किलोमीटरचा चढ, पायी तीस-चाळीस मिनिटं. घोडागाडी मिळते, पण तिच्यातून उतरल्यावरही थोडा चढ उरतो. बस वरच्या अंगाला सोडते आणि तिथून उतारावर चालत किल्ल्याकडे यायचं. बर्फ असलं की बस बंद. गुडघे दुखणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की आतल्या फेरीत चढउतार मिळून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत आणि आत फोटो काढायला बंदी आहे. आपापलं फिरता येत नाही. गटाबरोबरच, अर्धा तास.

फोटोची हौस मारिएनब्रुके या पुलावर भागते. राजाच्या आईचं नाव असलेला हा पूल पॉलाटच्या घळीवर सुमारे नव्वद मीटर उंच टांगल्यासारखा आहे. कॅलेंडरांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर दिसणारा किल्ला इथूनच दिसतो. पुलावर जायचं ते फेरीच्या आधी की नंतर, इथे बरेच जण चुकतात. आधी गेलात तर रांगेत अडकून प्रवेशाची वेळ हुकते. नंतर जावं. रविवारी जाणार असाल तर खाण्याचं सामान शनिवारीच घ्यावं, कारण बव्हेरियात रविवारी दुकानं बंद असतात.

परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाताना एक फसगत टाळता येते. शहराकडून जाणारी एस-१ नॉयफार्न स्थानकात दुभंगते. मागचे डबे विमानतळाकडे जातात आणि पुढचे फ्रायझिंग गावाला. चुकीच्या डब्यात बसलेला माणूस सामानासकट भलतीकडे पोचतो. डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय बसू नये.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या एकाच अधिवेशनात युनेस्कोने लुडविगचे राजवाडे आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपले किल्ले राज्य राखण्यासाठी लढले. नॉयश्वानस्टाइन राज्य हातून निसटत असताना मन राखण्यासाठी बांधला गेला. रायगडाला कोणी पाटीवर क्रमांक लावून आत सोडत नाही, तिथे वाऱ्यात तासभर बसता येतं. इथे ती मुभा नाही. ज्याच्यासाठी हा किल्ला बांधला त्याला १७२ दिवस मिळाले, आपल्याला मिळतो अर्धा तास. तेव्हा त्या दिवशी एक गाडी आधीची पकडावी.